जावयाच्या वाणाचे अनारसे

साधारण तीन वर्षांतून एकदा मी देव होतो. त्यासाठी माझी पात्रता एवढीच, की मी एका घरचा जावई आहे. अधिक महिना लागला की सासूबाई मला पाटावर बसवतात, गंध लावतात, ओवाळतात आणि पितळेच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यांवर तेवता दिवा, असं वाण हातात देतात. त्या दिवसापुरता जावई म्हणजे नारायण. पाटावर मांडी घालताना माझा गुडघा वाजतो, तो सगळ्यांना ऐकू जातो. पण देवाला त्याबद्दल कोणी विचारत नाही.

सासूबाई लालबागच्या. त्यांची चाळ पडली, तिथे टॉवर आला, आणि पूर्वी ज्या नळावर भांडायच्या त्याच्या बरोबर वर, एकोणिसाव्या मजल्यावर, त्या राहायला गेल्या. त्यांच्या गावी, वेंगुर्ल्याकडे, जावयाला असे अनारसे देत असल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. हा रिवाज त्यांनी चाळीतल्या एका शेजारणीकडून घेतला. शेजारीण केव्हाच बोरिवलीला गेली आणि तिच्या घरी आता जावयाला सुक्या मेव्याचा डबा देतात म्हणे. स्वतःच्या रिवाजापेक्षा माणूस उसना आणलेला जास्त जपतो, असं दिसतं.

जपण्याचं आणखी एक कारण होतं: माझी आई. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात ताट आमच्या गिरगावातल्या घरी आलं. आईने एक अनारसा मोडून खाल्ला आणि म्हणाली, "छान आहेत. जरा कडक झालेत, पण छान आहेत." माझी बायको तेव्हा नवी होती आणि बातम्या जशाच्या तशा पोचवायची. पुढच्या रविवारी "जरा कडक" लालबागला पोचलं. त्यानंतर दोघी विहिणी एकमेकींशी इतक्या अदबीने बोलू लागल्या की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. दर अधिकात आई एक अनारसा खाऊन नुसतं "छान" म्हणायची आणि सासूबाई लेकीला फोनवर विचारायच्या, "अजून काय म्हणाल्या?" आईला जाऊन बरीच वर्षं झाली. परीक्षक नाही, तरी परीक्षा चालूच राहिली.

आईच्या अनारशांबद्दल मला थोडं कळतं, कारण तिला मुलगी नव्हती. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं, मग गॅलरीतल्या खाटेवर धोतर पसरून ते सावलीत सुकत घालायचे. कबुतरांना हाकलायचं काम माझ्याकडे. तांदूळ पुरते सुकायच्या आत कुटायचे, वस्त्रगाळ करायचे, गुळात कालवून डब्यात दाबून ठेवायचे. चार-पाच दिवसांनी डबा उघडला की आंबूस-गोड असा एक वास येई. तो मला आजही दिवाळीचा वास वाटतो, फटाक्यांचा नव्हे. खसखशीवर थापायला मला बसवायची. तळताना मात्र दार लोटून घ्यायची, कारण समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंची नजर कढईला लागते असा तिचा पक्का समज होता. मी पाटावर बसून मनोमन त्या बाई याव्यात अशी प्रार्थना करायचो. तुपात पसरून मोडलेला अनारसा आमच्या घरी पोरांच्या वाट्याचा असे.

मोडलेल्या अनारशाला 'हसला' म्हणतात. आई मात्र तेव्हा अजिबात हसत नसे.

तर या वेळची गोष्ट. सासूबाईंनी आता ऐंशी ओलांडलीत. हात कापतात, एका डोळ्याला कमी दिसतं. अधिक लागायच्या आधीच त्यांनी लेकीला सांगून टाकलं की पुढच्या अधिकाचा भरवसा नाही. या खेपेला वाण त्यांच्या स्वतःच्या हातचं, तेहतीसच्या तेहतीस. मेहुण्याने दादरला वाणाचा तयार डबा पाहून ठेवला होता: झाकणाला पारदर्शक खिडकी, आत चंदेरी ताटली, वर मिशीवाल्या हसऱ्या जावयाचं चित्र. तो मागवू का, असं त्याने भीत भीत विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तुका व्हया तर तूच खा." विषय संपला.

वाण रविवारी, पंगतीच्या आधी. बायकोने आपल्या आईला मदत करायला शनिवारीच जायचं ठरवलं आणि मीही गेलो. दुपारी त्या दोघी स्वयंपाकघरात, मी बाहेर सोफ्यावर पेपर घेऊन. सासुरवाडीला माझी जागा तीच. इतक्या वर्षांत त्या घरात मी स्वतःचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. पाणी माझ्याकडे येतं. खिडकीतून एक गिरणीची चिमणी दिसते. गिरणी गेली, चिमणी मॉलवाल्यांनी शोभेला ठेवली आहे. त्या चिमणीकडे पाहिलं की मला जरा बंधुभाव वाटतो.

आतून आवाज आला. नीट जमलेला अनारसा तुपात बारीक कुजबुजतो. हा एकदम मोठ्याने बोलला आणि मग गप्प झाला. बायको म्हणाली, दुसरा टाक. दुसराही गप्प झाला. तिसऱ्यानंतर गूळ जळल्याचा वास आला. वाणाआधी कोणी चव घ्यायची नाही असा दंडक, त्यामुळे हसलेले अनारसे खाऊन पुरावा नष्ट करण्याचीही सोय नव्हती. कढईत झारा आपटल्याचं ऐकू आलं. मग सासूबाईंचा बारीक आवाज, की सांग भावाला, आणू दे तो डबा.

मी पेपर ठेवला आणि आत गेलो.

"जावयबापू, तुमी भायर बसा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सरबत पाठवतंय."

"गूळ जास्त झालाय," मी म्हटलं.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की आता घरी कसं जायचं ते तू तुझं बघ. सासूबाईंनी ठणकावलं, की गूळ नेहमीसारखा जोखूनच घातला आहे. मी विचारलं, गूळ कुठला? सुनेने आणलेला, बिनकेमिकलचा. काळा, चिकट, दाबला की पाझरणारा. वजन तेच, पण पिठाला तो ओला पडला होता. मी विचारलं, पीठ चाळून उरलेलं जाडसर आहे का? होतं. घावनांसाठी फ्रीजमध्ये ठेवलं होतं.

"ते मिक्सरला फिरवून चाळून घेऊ आणि यात मळू. आई पहिला घाणा निघेपर्यंत हे जाडसर बाजूला काढून ठेवायची. टाकायची नाही, दुसऱ्या कशाला वापरायची नाही."

सासूबाईंनी गॅस बंद केला.

"विहीणबाय असा करीत?"

"हो."

"मगे इतकी वर्सां सांगूक काय झाला?"

"तुम्ही आत कुठे येऊ दिलंत?"

यावर त्या हसल्या नाहीत, पण ओट्यापासून थोड्या बाजूला सरकल्या. त्या घरात याहून मोठा मान मला पाटावरसुद्धा मिळालेला नाही.

पीठ मळून चहा होईपर्यंत झाकून ठेवलं. मग एक अडचण निघाली: मी तळले तर ते त्यांच्या हातचे कसे? निवाडा त्यांनीच दिला. थापणं म्हणजे करणं. तळणं काय, ते गॅस करतो. त्या खुर्चीवर बसून खसखशीवर थापू लागल्या. बोटं कापत होती, चकत्या गोल येत नव्हत्या, एखादी थेट कोकणच्या नकाशासारखी. मी खसखशीची बाजू वर ठेवून एकेक सोडत होतो, झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत होतो. उलटायचा नाही, हे हाताला आठवत होतं. पहिला अनारसा कुजबुजला, फुलला, जाळी पडली, आणि टिकला. तो चाळणीत उभा करून निथळत ठेवला, तेव्हा सासूबाईंनी लेकीला दार लावून घ्यायला सांगितलं. एकोणिसाव्या मजल्यावर नजर लावायला एक कबूतर होतं, तेही चिमणीकडे तोंड करून.

रविवारी सगळं यथासांग झालं. गुडघा वाजला. मेहुण्याने व्हिडिओ काढला. आदल्या दिवशी स्वतः तळलेल्या अनारशांचं दान मी शक्य तेवढ्या दैवी चेहऱ्याने स्वीकारलं. मग अनारसे वाटले गेले. मेहुण्याच्या बायकोने एक घास घेतला आणि मनापासून म्हणाली, "आई, हात अजून तोच आहे हो तुमचा."

मी ताटातल्या दिव्याकडे बघत बसलो. सासूबाईंनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मी किंवा माझी बायको काही बोलणार नव्हतो. त्यांनी आपला अनारसा सावकाश चावून संपवला.

"हात माझो. पद्धत विहीणबायची," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कशे झालेत? खरा सांगा."

"छान झालेत."

त्या थांबून राहिल्या. अजून काय, ते या खेपेला फोनवर विचारायचं नव्हतं.

"अजिबात कडक नाहीत," मी म्हटलं.

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. आता घावनांना पीठ उरलं नाही, ते कोण बघणार, असं मला सुनावून त्या पानं घ्यायला आत गेल्या.