हळदीच्या पाकिटावरची सहा क्रियापदं

माझ्या इंग्रजीला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते आईच्या बचत गटात. गटातल्या बाया श्रावणी सोमवारी औंढ्याला, नागनाथाच्या वाटेवर, हळदीचं दुकान मांडणार होत्या. बाहेरगावचे लोक येतात, तर पाकिटावर इंग्रजीत काहीतरी असावं, असं ठरलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. मला ते मनापासून हवं होतं. रोज एसटीनं हिंगोलीला जाऊन मी नेमकं काय शिकून येते, हे घरी दाखवण्यासारखं माझ्याकडे तोवर काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी वर्गात वाढवण्याची क्रियापदं शिकवली होती. इनक्रीज, रेज, बूस्ट, इम्प्रूव्ह, स्ट्रेंग्दन, एन्हान्स. सर म्हणाले, ही सगळी भावंडं, पण प्रत्येकाचं शेत वेगळं. आकडा वाढला तर इनक्रीज. वर उचललं तर रेज. मरगळलेल्याला जोर दिला तर बूस्ट. एन्हान्स मला नीट कळलं नाही. ते विचारायला हात वर करायचा होता, पण रेज शिकूनही तो काही वर झाला नाही.

पाकिटासाठी मी सहाही वापरली. एक गाळलं तर शिकलेलं वाया जाईल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या जणी चाचीच्या चक्कीवर जमल्या. चाची आमच्या गावची मसाला दळणारी, गटातलीच. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची.

"इनक्रीज. हळदीनं भूक वाढते."

"माय, मग घरी खाऊ घालायला बी आपणच," गटाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या. "पुढं?"

"बूस्ट. ताकद एकदम वाढते."

काकूंनी पाय लांब केले. "साठ वर्षं झाली, मी हीच हळद खाऊन राहिले. मग हे गुडघे काहून दुखून राहिले?"

"काकूका गुडघा लेबलपे छापो," चाची म्हणाली, आणि चक्कीपेक्षा हसण्याचा आवाज मोठा झाला.

बुद्धी सुधारते, हे ऐकून आई हळूच म्हणाली, "ही बी लहानपणापासून खाती." त्यावर तर कोणी हसू आवरेना. मी कागदाची घडी करायला लागले. कान तापले होते.

मग काकूंनी हसणं थांबवलं. "लेकरा, आपला नियम काय हाय?"

नियम मला शाळेत असल्यापासून पाठ होता. गिऱ्हाईकासमोर जे करून दाखवता येत नाही, ते बोलायचं नाही. म्हणूनच आमच्या बाया दुकानावर आधी हळकुंड मोडतात, आतला रंग दाखवतात, आणि मगच पाकीट पुढे करतात. हा नियम फक्त मराठीपुरता आहे, असं मी का धरून चालले होते, कोण जाणे.

चाचीच्या पेनानं मी एकेक ओळ खोडली. पाच गेल्या. उरली ती एन्हान्सची. तिचा अर्थ मलाच माहीत नाही, हे सगळ्यांसमोर सांगावं लागलं.

"मग इचार की सरांला," काकू म्हणाल्या. "इचारायला काय गुडघे लागतात का?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हात वर केला. सर म्हणाले, जे मुळात आहे तेच अधिक खुलवणं म्हणजे एन्हान्स. त्यानं नवीन काही येत नाही.

संध्याकाळी आईनं साधं वरण शिजवलं होतं. मी ते दोन वाट्यांत काढलं. एकीत तेलात परतलेली चिमूटभर हळद घातली आणि दोन्ही वाट्या घेऊन काकूंच्या ओट्यावर गेले. काकूंनी दोन्ही पाहिल्या, दोन्ही चाखल्या.

"वरण तर तेच हाय."

"व्हय काकू. तेच आहे. फक्त खुललं."

त्यांनी हळदीची वाटी रिकामी केली. "हे दुकानावर दाखवता येतं," त्या म्हणाल्या. "छाप."

पाकिटावर एकच ओळ आली: हळद तुमच्या वरणाचा रंग आणि चव एन्हान्स करते.

पहिल्या सोमवारी दुकानावर दोन वाट्या मांडून काकू बसल्या. मी मागे पाकिटं लावत होते. शहरातल्या एका बाईनं विचारलं, "यानं इम्युनिटी बूस्ट होते ना?"

"त्याचं आमाला दाखवता येत न्हाई, बाई," काकू म्हणाल्या. "आमची एन्हान्स करती. चाखून पाहा."

आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडं पाहिलं. बराबर बोलले ना, एवढंच विचारायला.