जावयाचं ठिबक

माझ्या मामेसासऱ्यांइतका पाण्याचा लोभी माणूस उभ्या म्हैसूर जिल्ह्यात सापडायचा नाही. लष्कर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळतं ते अर्धा पेला. त्यातलंही उरलं, की मामा ते कॅनमध्ये ओततात आणि स्कूटरवरून हुणसूर रस्त्याकडच्या आपल्या शेतावर नेतात. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी याच कॅनमधून शेताला जातं. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेलो आणि पायांवर पाणी घ्यायला नळ जरा मोकळा सोडला, तर आतून आवाज आला, "साकु, जावईबापू, साकु! पाय धुताय की भात लावताय?" साकु म्हणजे पुरे. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेल्या या मराठी घरात मी शिकलेला हा पहिला कन्नड शब्द, आणि अजूनही मला सर्वांत जास्त ऐकवला जाणारा.

पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला शेतीची हुक्की येते, तशी मलाही आली. मामांच्या शेजारचाच तुकडा घेतला, नारळाची रोपं लावली, ठिबक बसवलं आणि ते फोनला जोडलं. गोकुलममधल्या माझ्या घराच्या गॅलरीत कॉफी पीत मी बटण दाबायचो, 'पाणी देऊन झाले' असा निरोप यायचा, आणि तो ऑफिसात दाखवत मी प्रगतिशील शेतकरी म्हणून मिरवायचो. इकडे मामा रोज माझ्या आळ्यात बोट खुपसत आणि ओल लागली की टाकीखालचा कॉक बंद करून घरी जात. नळ्या कोरड्या असल्या तरी फोन इमानेइतबारे निरोप धाडत राही. हे कळल्यावर मी तावातावाने भांडायला गेलो.

"अय्यो, मुळं कुजली असती हो," मामा म्हणाले. "फोनला ओल कशी कळणार? त्याला बोट आहे काय?"

ओल मोजणारं यंत्र मिळतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते बसवायचं मलाच सुचलं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मामांची बोअर आटली. त्यांची जिवापाड जपलेली नंजनगुडची रसबाळे जातीची केळी नुकतीच निसवली होती, घड भरायचे होते. मी म्हणालो, "आणखी खोल जाऊ."

"बेडा, नको. मी खोल गेलो तर शेजाऱ्याचं आटणार. शेजारी कोण? तुम्हीच ना?"

त्यांनी वेळोवेळी कॉक बंद केल्यामुळेच माझ्या बोअरला पाणी उरलं होतं. मी हट्टाने त्यांच्या शेतात पाइप नेला. मामांनी घेतलं ते एका केळीपुरतं. "तुमचे नारळ लहान आहेत अजून," म्हणाले. बाकीची बाग त्यांनी स्वतःच्या हातांनी तोडली आणि ओल टिकावी म्हणून ती पानं, ते खांब माझ्याच नारळांच्या बुडाशी अंथरले. मला ते बघवेना. मी आपला फोनमध्ये तोंड खुपसून उभा राहिलो.

तो एक घड मात्र भरला. परवा मामा त्या केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, मुनवा, मातीसकट घेऊन माझ्या दारात आले.

"हा तुमच्याकडे लावा."

"तुमच्या शेतात का नको, मामा?"

"तिथं आता केळ नको. रागी पेरतो. नाचणीला पावसाचं पाणी पुरतं."

मी दोन्ही हात पुढे केले. मामांनी मुनवा माझ्या हातांत ठेवला, पण आपला हात त्यावरून बराच वेळ काढला नाही.