तळटीपेत तिचं नाव घातलं

सरांनी माझे टाईप केलेले कागद उचलले आणि दारातून बाहेर भिरकावले. व्हरांड्यात वारा होता. कागद पसरले. काही पायऱ्यांवरून खाली गेले.

"जा, हाकून आण. मेंढरं हाकता तुम्ही, हे बी जमंल."

खोलीत सरांचे आणखी दोन विद्यार्थी होते. बागायतदारांची पोरं. ती हसली. ओणवा होऊन कागद गोळा करता करता मीही हसलो. तेव्हा वाटलं, यापेक्षा मोठी लाज आयुष्यात येणार नाही.

आली. ती माझी मीच आणली.

आम्ही धनगर. गाव बिडकीनच्या अलीकडं. आबा मेंढरामागं. घरातून औरंगाबादला कॉलेजात शिकायला आलेला मी पहिला. एम.फिल.ला विषय घेतला होता पैठण रस्त्यावरच्या कारखान्यांचा. चितेगावकडं कंपन्या उभ्या राहिल्या आणि आमच्या भागातली बौद्ध मजूर माणसं शेतं सोडून तिकडं गेली. का गेली? सर, म्हणजे माझे गाईड, म्हणायचे, रोख पगारासाठी. मी लिहिलं होतं, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा त्यांची घरं जाळली, म्हणून गेली.

त्या वाक्याला संदर्भ नव्हता. म्हणून कागद बाहेर गेले.

"कोण म्हणतं हे? तुझी मेंढी?"

"सर, मी स्वतः त्या दिवशी गावात..."

"'मी' हा शब्द संशोधनात नसतो. पाहिलं, ऐकलं, वाटलं, हे पारावर बोलायचं. इथं संदर्भ लागतो. छापील असंल तर पुस्तक आणि पान. तोंडी असंल तर माणसाचं नाव, बापाचं नायतर नवऱ्याचं नाव, वय, जात, राहणार कुठं, कधी सांगितलं. नसंल तर वाक्य काढ."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, बरं वाटलं. 'मी' चालत नाही म्हटल्यावर माझी सुटका झाली.

कारण मी पाहिलं होतं.

आमचं घर गावाच्या टोकाला, बौद्ध वस्तीला लागून. मधे फक्त कूड. त्या दिवशी दिवेलागणीला गावातून घोळका आला. कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेलचे डबे. पुढं रंगनाथ. गावचा मोठा बागायतदार आणि सरांचा आतेभाऊ. पहिला डबा त्यानं स्वतः मावशीच्या छपरावर ओतला. मावशी म्हणजे आमची शेजारीण. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, आणि का नाही ते पुढं कळेलच. तिचा नवरा दारात आडवा झाला. त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं. पडला तरी हाणत राहिले. आत दावणीला दोन शेळ्या होत्या. त्या ओरडत होत्या. मग ओरडायच्या थांबल्या.

मी कुडाआड. आबांनी माझं मनगट धरलेलं.

"आवाज करू नगं. आपल्याला याच शिवारात मेंढरं चारायचीत."

आबांनी पुढं मनगट सोडलं. मी तिथंच उभा राहिलो.

मावशीचा नवरा त्यातून उठला नाही. काही महिने अंथरुणात काढून गेला. पोलीस आले तेव्हा गावात कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. आम्हीही नाही. मावशी पोरं घेऊन चितेगावला गेली आणि एका कंपनीत झाडूकामाला लागली. तिच्याकडं मी वही घेऊन गेलो. कंपनीच्या भिंतीला टेकून पत्र्याचं घर. तिनं चहा केला.

"कुठं छापायचं हाय का, लेकरा?"

"नाय मावशी. कॉलेजातल्या कपाटात राहील."

"कपाटात राहून काय व्हनार?"

"खरं काय ते राहील."

तिनं सांगितलं. न रडता. रंगनाथचं नाव घेऊन सांगितलं, डबा त्याच्या हातात होता म्हणून. मी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले. नाव, नवऱ्याचं नाव, वय, जात, कोणत्या कंपनीच्या मागं राहते, सगळं विचारून घेतलं. कुठं काही कमी राहायला नको होतं. धनगराचं पोर तळटीप कशी लावतं ते सरांना दाखवायचं होतं.

फक्त रंगनाथचं नाव लिहिताना हात थांबला. सरांचा आतेभाऊ. मग एक नियम आठवला. अवतरण देताना मधला मजकूर गाळायचा असेल तर तीन टिंबं द्यावीत. मी तीन टिंबं दिली. वर्णनात माझ्या शब्दांत लिहिलं, 'काही गावकऱ्यांनी वस्ती पेटवली.' आणि खाली, पानाच्या तळाला, बारीक अक्षरात, मावशी. पूर्ण.

गुलमंडीजवळ सलीमभाई टाईप करून द्यायचे. ते मशीन थांबवून म्हणाले, "ये तीन नुक्ते कायकू भाई? कुछ छूट गया क्या?"

"नाही, असंच असतं."

"पढे-लिखे लोगां की बातां," म्हणाले आणि ठोकले तीन नुक्ते.

सरांनी पान वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं! ह्याला म्हणतात तळटीप. ठेव इथं. घरी निवांत बघतो."

त्या थापेनं मी हुरळून गेलो. दोन दिवस जमिनीवर नव्हतो.

पुढच्या आठवड्यात पाळी सुटायच्या वेळी कंपनीच्या फाटकावर एक जीप थांबली. चौघं उतरले. एकाच्या हातात कागद होता. त्यानं तो वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला. तिचं नाव. तिच्या नवऱ्याचं नाव. वय. जात. राहणार. "तूच ना ही?" मावशी म्हणाली, व्हय. मग त्यांनी लोखंडी गज काढला. उजवा हात कोपराजवळ मोडला. खाली पाडून तोंडावर बूट घातले. पुढचे दात गेले. पाळीचे शेदीडशे कामगार फाटकात उभे होते. सगळे कुडाआड असल्यासारखे.

सरकारी दवाखान्यात ती जमिनीवर गादी टाकून पडलेली. तोंड सुजून काळंनिळं. एक डोळा मिटलेला. मी पायाशी बसलो. तिनं उघडा डोळा माझ्याकडं वळवला.

"कागद तुझाच व्हता ना?"

"व्हय, मावशी."

"समदं बरोबर लिव्हलंस बघ. माझं वय बी चुकलं नाय. मालकाचं नाव बी. रंगनाथचं नाव तेवढं नव्हतं."

मी तिच्या पायावरचं पांघरूण नीट करू लागलो.

"मी तर सांगितलं व्हतं की तुला त्याचं नाव."

"व्हय."

"अन् तुझं नाव कुठं व्हतं?"

"मावशी, मी..."

"तू बी व्हतास की तिथं. कुडाआड. आग लागल्यावर उजेड पडला तवा बघितलं मी तुला. तुझं तोंड दिसलं. म्या वाट बघितली, हा पोरगा पोलिसाला सांगंल. नाय सांगितलं. मग तू वही घेऊन आलास. म्हनलं, आता लिव्हील. तर तू मलाच म्होरं केलंस."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. "जा आता. डॉक्टर यायचाय."

तिथून निघालो तो थेट सरांच्या खोलीत. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. सरांनीच सुरुवात केली.

"ऐकलं मी. वाईट झालं. आता असं कर, त्या बाईचं नाव काढून टाक. वाक्य बदल. 'आगीचं निश्चित कारण अज्ञात आहे.' प्रबंध पुढच्या महिन्यात दाखल करू. तुझ्या नोकरीचं माझ्याकडं लागलं."

मी म्हणालो, "संदर्भ काय?"

"काय?"

"अज्ञात आहे, याला संदर्भ काय? कोण म्हणतं?"

पहिली थप्पड अशी बसली की कानात शिट्टी वाजत राहिली. अजून त्या कानानं मला कमी ऐकू येतं.

"रंगनाथच्या हातात डबा होता. मी पाहिलंय."

त्यांनी गचांडी धरून माझं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. "कुठंय लिहिलेलं? कुठंय? दाखव!" प्रत्येक शब्दाला एकदा. भुवईतून रक्त आलं, डोळ्यात गेलं. बागायतदारांची ती दोन पोरं धावत आली. त्यांनी मला पायऱ्यांपर्यंत लाथांनी नेलं. मी मार खात होतो आणि ओरडत होतो, मी पाहिलंय, मी पाहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर तरी वाकलो नाही. हसलो नाही.

ही गोष्ट इथंच संपली असती तर सांगायला सोपी गेली असती.

त्या खोलीत बोललो ते बाहेर बोललो नाही. पोलीस ठाण्याच्या रस्त्यानं कितीदा गेलो. आत गेलो नाही. आबांची मेंढरं, बहिणीचं लग्न, कारणं मिळत गेली. दुसऱ्या गावी, दुसऱ्या गाईडकडं, दुसरा विषय घेतला. निजामकाळच्या जुन्या सनदा. सगळे साक्षीदार मेलेले, सगळे संदर्भ छापील. मेलेल्यांच्या तळटीपांनी कुणाचा हात मोडत नाही. पदवी मिळाली, नोकरी लागली. विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी शहरात लोक रस्त्यावर नाचत होते. मी दार लावून घरात बसलो. मला त्यात जायचा हक्क वाटला नाही.

आणि मी शिकवतो काय? संदर्भ कसे द्यावेत. दरवर्षी फळ्यावर लिहितो. नाव, वर्ष, पान. मुलं म्हणतात, सर एकदम स्पष्ट सांगतात. रंगनाथ म्हातारा झाला. गावच्या शाळेच्या कोनशिलेवर त्याचं नाव आहे. मोठ्या अक्षरात.

मागच्या महिन्यात मी मावशीकडं गेलो. हात वाकडाच राहिलाय. नातवंडं आहेत. या लिखाणाचा पहिला खर्डा तिला वाचून दाखवला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझं नाव नगं घालूस. भ्याले म्हनून नाय. मी एकदा दिलं. आता तुझी पाळी."

म्हणून लिहितो. वस्ती 'काही गावकऱ्यांनी' जाळली नाही. रंगनाथनं जाळली. पहिला डबा त्यानं ओतला. मावशीच्या नवऱ्याला मारताना दांडा त्याच्या पुतण्याच्या, भास्करच्या हातात होता. मावशीचं नाव ज्या कागदावर होतं तो कागद माझ्या सरांच्या घरून त्यांच्याकडं गेला. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण त्या कागदाची दुसरी प्रत नव्हती.

माझं पूर्ण नाव, गाव आणि राहता पत्ता हे छापणाऱ्या संपादकांकडं दिला आहे. जो मागेल त्याला द्यावा, असंही लिहून दिलं आहे. परवा पोलीस ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे. ते म्हणतील, फार उशीर झाला, आता काय उपयोग. म्हणू देत. जबाब लिहून घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही.

आणि गज घेऊन कुणाला यायचं असेल तर त्यानं आता चितेगावला जाऊ नये. माझ्या दारात यावं. मी घरीच असतो. कोणी पाहिलं, असं विचारलं तर दार उघडून सांगीन. मी पाहिलं.