खालाचा सोलेभात

डिसेंबर लागला की आमच्या वृद्धाश्रमात जो तो फाटकाकडे कान लावून बसतो. नाताळाच्या आधी यवतमाळहून मिशनची गाडी येते. आमचा आश्रम पुसद रोडवर, गावाच्या जरा बाहेर. एरवी इथे येतात ते वाट चुकलेले, नाहीतर मत मागणारे. मिशनची माणसं मात्र काही मागत नाहीत. ब्लँकेटं आणतात, खोबरेल तेल आणतात, करंज्या आणि केक आणतात. त्यांच्या पोरी आमच्या डोक्याला तेल चोळतात, पायाची नखं कापून देतात आणि ढोलकी-गिटार घेऊन अशी भजनं म्हणतात की गुडघे धरून बसलेला माणूसही टाळ्या वाजवायला लागतो. माझी नखं मी कोणाला कापू देत नाही. पहिल्या वर्षी एका पोरीनं ऐकलंच नाही, सरळ पाय ओढून मांडीवर घेतला. मी रागवत राहिले, ती हसत राहिली. दुसऱ्या वर्षी मीच जाऊन तिच्यापुढे बसले.

मी तहसील कचेरीतून रिटायर झालेली बाई. उभं आयुष्य टेबलापलीकडच्या माणसांशी हुज्जत घालण्यात गेलं, त्यामुळे माझ्या जिभेला हाड नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. नवरा गेला, मूलबाळ नाही, पेन्शन आहे. इथे आले ती स्वतःच्या पायानं. आल्यावर खोली मिळाली ती खालासोबत.

सगळा आश्रम तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणतो. महागावच्या बाजारात तिची आणि तिच्या नवऱ्याची खानावळ होती. कापूस घेऊन आलेले शेतकरी, हमाल, ट्रकवाले, मेकॅनिक, सगळे तिच्या हातचं जेवून गेलेले. नवरा वारला, तिचे गुडघे गेले, खानावळ बंद पडली. इथे तिला सगळं मिळतं, पण कोणाला जेवू घालायला मिळत नाही. एका आजोबांनी चहा ठेवला आणि तसेच झोपी गेले, तेव्हापासून व्यवस्थापकांनी आम्हा सगळ्यांना गॅसजवळ जायची बंदी केली आहे.

मागच्या वर्षी मिशनची मंडळी आली, तेव्हा खालानं स्वयंपाकिणीकडून आल्याचा चहा करवून घेतला. दारात उभी राहून साखर किती, उकळी किती, सगळं तीच सांगत होती. मग ट्रे स्वतः हातात घेऊन, लंगडत लंगडत पाहुण्यांपुढे गेली. मिशनच्या मोठ्या बाईंनी हात जोडले. त्या एका शाळेच्या रिटायर हेडमास्तरीण, सगळी मंडळी त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही. म्हणाल्या, "नको हो, आम्ही काही घेत नाही." पाणीसुद्धा घेतलं नाही. कार्यक्रम झाल्यावर ती सगळी जणं फाटकाबाहेर निंबाखाली गेली आणि आपापले डबे उघडून जेवली. खाला खिडकीतून पाहत होती.

त्या दिवशी मिळालेलं ब्लँकेट तिनं घडी न मोडता खाटेखाली सरकवून दिलं. सगळा हिवाळा एका विरलेल्या शालीवर काढला. खोकून खोकून तिचा जीव अर्धा व्हायचा आणि मी पलीकडच्या खाटेवरून बडबड करायची. शेवटी एकदा चिडून विचारलंच, "काय मरायचं ठरवलं आहे का? ते ब्लँकेट काय पूजेला ठेवलं?"

"बाई, ज्यानं माह्या हातचा घोटभर चहा नाई घेतला, त्याचं मी काहून पांघरू?" ती म्हणाली. "देऊन जातेत, पण आपलं काही घेत नाईत. आपण काय इतके वाया गेलो का?"

 आपल्या भागात पाणी न पिण्याचा अर्थ काय होतो, ते कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. मला त्या लोकांचा राग आला, आणि खालाच्या खोकल्याची धास्ती वाटायला लागली. आणखी एक हिवाळा असा गेला तर ही बाई हातची जाईल, हे स्पष्ट दिसत होतं. तिला नवीन रजई घेऊन देते म्हटलं, तर म्हणे, "तुह्या पेन्शनवर कायले डोळा ठेवू?"

यंदा गाडी यायच्या चार दिवस आधी मी व्यवस्थापकांच्या मागे लागले. म्हटलं, पाहुण्यांसाठी खालाला रांधू द्या; गॅस नको, मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडतो. ते म्हणाले, "काकू, तुम्ही मला नोकरीतून घालवाल." मी म्हटलं, "घालवलं तर अर्ज मी लिहून देईन, परत घेतील." बिचारे हसले आणि गप्प बसले. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

कुंपणापलीकडच्या वावरात तूर उभी होती. तिथल्या शेतकऱ्याला हाक मारून विचारलं, तर त्यानं टोपलंभर हिरव्या शेंगा आणून दिल्या, वर चुलीसाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भाराही टाकला. तांदूळ मी आणला. गाडी यायच्या दिवशी सकाळच्या उन्हात सगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी वर्तुळ करून शेंगा सोलल्या. ज्यांना दिसत नव्हतं, त्यांची बोटं आमच्यापेक्षा भरभर चालत होती. दाणे टोपल्यात कमी आणि तोंडात जास्त जात होते, म्हणून खाला सगळ्यांवर खेकसत होती. इतकी खेकसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कमरेला पदर खोचून, पाटावर बसून तिनं सोलेभात शिजवला. हिरव्या दाण्यांचा आणि लसणाचा तो वास अंगणभर पसरला आणि माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले.

गाडी आली. तेल लावून झालं, भजनं झाली. ब्लँकेट वाटायची वेळ झाली, तेव्हा खाला जागची उठली नाही. मी म्हटलं, आधी सगळे जेवायला बसा. मोठ्या बाई पातेल्याकडे पाहून हसल्या आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. "वास फार छान येतोय. पण आमचा नियम आहे हो."

माझा पारा चढला. म्हटलं, "बाई, सरळच विचारते. तुम्ही आमच्याकडचं पाणीसुद्धा का पीत नाही? आमचा विटाळ होतो का तुम्हाला?"

त्यांचा चेहरा पार उतरला.  खाली बघत त्या म्हणाल्या, "अहो, असं कसं मनात आणलंत? मागे आम्ही केळापूरकडच्या एका अनाथाश्रमात गेलो होतो. त्यांनी आम्हाला दूध घालून चहा दिला. आम्ही आनंदानं प्यालो. निघताना कळलं, की पोरांच्या वाट्याचं दूध आम्हीच पिऊन बसलो. तेव्हापासून ठरवलं, जिथे द्यायला जायचं तिथलं काही तोंडात घालायचं नाही."

 

खाला पाटावरूनच बोलली. "तुमचं बराबर होतं, माय. लेकराच्या वाट्याचं कोणी खाऊ नाई. पण हे कोनाच्याच वाट्याचं नाई. शेंगा वावरातल्या, तांदूळ या बाईचा, दाणे आमी सगळ्यायनं सोलले. माह्या घरी आलेला माणूस उपाशी गेला नाई कधी. तुमी दोन साल तसेच जाऊन राह्यले."

मोठ्या बाई वळल्या. नळावर गेल्या, हात धुतले, परत आल्या आणि अंगणात अंथरलेल्या पट्टीवर सगळ्यांत आधी मांडी घालून बसल्या. मग पोरी बसल्या, ढोलकीवाला बसला, ड्रायव्हरही बसला. त्यांनी डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली, तेवढा वेळ खालानं डोक्यावरून पदर घेतला. आम्ही तूही बस म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही. गरम भातावर फोडणीचं तेल ओतत, गुडघ्यांना विसरून ती पंगतीत फिरत होती. "लाजू नका, अजून घ्या," म्हणत पोरींच्या ताटात ढीग घालत होती. त्यांचे डबेही उघडले आणि केक आम्ही खाल्ला. मोठ्या बाईंनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं, तेव्हा खालानं पातेलं खरवडून त्यांना खरपुडी वाढली. खानावळीत ती नेहमीच्या गिऱ्हाइकालाच मिळायची, हे मला माहीत होतं.

जेवणं आटोपली. मोठ्या बाई हात पुसत उठल्या, तशी खाला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"आता द्या माह्यं ब्लँकेट," ती म्हणाली. "जाडवालं द्या."

बाईंनी स्वतः उलगडून तिच्या खांद्यावर टाकलं. दुपारचं ऊन चांगलंच तापलं होतं. खालाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, पण गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तिनं ते अंगावरून काढलं नाही.