फ्रेंच बाईला नावं ठेवणारी माणसं

इलाइट चौराह्याजवळ, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर माझी दोन खोल्यांची जागा आहे. बाहेरच्या पाटीवर भारदस्त इंग्रजी शब्द आहे, पण झाशीत तो कोणी वाचत नाही. लोक खाली चष्मेवाल्याला विचारतात, "भैया, वो कान की मशीन वाली मैडम कहाँ बैठती हैं?" आणि तो मान वर न करता जिन्याकडे बोट दाखवतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाच जिना चढायला लावते, म्हणून माझ्यावरचा पहिला राग जिन्यातच निघालेला असतो. वीस वर्षं मी हे काम करतेय आणि अजून मला एकही माणूस भेटलेला नाही, जो आत येऊन म्हणाला, "मला कमी ऐकू येतं." सगळे म्हणतात, "आजकाल लोक नीट बोलत नाहीत."

मशीन कानात बसवली की ती बरोबर लागली का, हे बघावं लागतं. पूर्वी त्यासाठी मी एक सगळ्यांना ठाऊक असलेलं भजन लावायची. एकदा एका काकांना मशीन घातली, भजन लावलं, काका डोळे मिटून डोलायला लागले, दोन कडवी बरोबरीनं म्हणालेसुद्धा. "एकदम साफ!" असा निर्वाळाही दिला. ते गेल्यावर टेबलावर बघते तर त्यांच्या मशीनचे सेल तिथंच पडलेले. मी घालायलाच विसरले होते. काका जे ऐकत होते ते कानानं नव्हे, पाठांतरानं ऐकत होते. मी जिना उतरून रस्त्यावर धावले तेव्हा ते रिक्षात बसत होते.

त्या दिवसापासून मी असं गाणं शोधत होते जे झाशीत कोणाच्याच ओळखीचं नसेल. ते मला पुण्याहून मिळालं. माझी मुलगी तिथं शिकते, हौसेनं फ्रेंचच्या वर्गाला जाते. तिनं एक अल्बम पाठवला. नऊ गाणी, एक बाई, एक गिटार, कुठं कुठं मागं हलका पियानो. चित्रावर एक निळी खिडकी आणि रिकामी खुर्ची. "आई, फार शांत आहे, दुकानात लाव," असं तिनं लिहिलं होतं. मी ऐकलं आणि टाळीच वाजवली. ही बाई कानाशी कुजबुजल्यासारखी गाते, सगळे 'स' आणि 'श' हवेत सोडते, आणि म्हातारपणी आधी जातात ते हेच आवाज. शब्द तर कोणालाच येत नाहीत, त्यामुळे पाठांतराची चोरी बंद.

मशीन घातली की मी तो अल्बम लावते, दोन माणसं बोलतात तेवढ्या आवाजात, आणि विचारते, "कसं वाटलं?" जे सांगतील ते वहीत लिहून ठेवते. ती वही आता जाडजूड झाली आहे. त्या बिचाऱ्या फ्रेंच बाईला कल्पना नसेल, पण तिच्या गाण्यांवर जगात सगळ्यांत जास्त मतं झाशीत पडली असतील. बबीन्याच्या लष्करी छावणीतून आलेले एक सुभेदार, मूळ साताऱ्याकडचे, तोफखान्यात कान घालवून बसलेले. ते म्हणाले, "म्याडम, ही बाई कुनावर रुसलीया का? आन् रुसली तर सरळ भांडत का न्हाई?" झाशीतल्या आम्हा मराठी लोकांतल्याच एका जुन्या घराण्यातल्या पुजाऱ्यांना ते चर्चमधलं स्तोत्र वाटलं, ऐकून झाल्यावर त्यांनी हात जोडले, देव कोणाचाही असो. निवृत्त झालेल्या एका शिक्षिका म्हणाल्या की सहाव्या गाण्यात बाईला सर्दी झालेली आहे आणि अशा वेळी रेकॉर्डिंगला जायचं नसतं. मी नंतर लक्ष देऊन ऐकलं. सर्दी खरंच होती.

हळूहळू माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. जे "अच्छा है", "बढ़िया है" म्हणतात, त्यांना काही ऐकू आलेलं नसतं. मशीन बरोबर लागलेला माणूस तक्रार करतो. गिटार करकरते, बाई शब्द खाते, पंख्याचा आवाज मधे येतो. जो नावं ठेवतो त्याला ऐकू येतं, एवढं साधं. कोणी फार कौतुक करायला लागलं की मी मुकाट्यानं मशीन काढून पुन्हा जुळवायला घेते.

आता बाबांचं सांगते.

माझे बाबा कचेरीत कारकून होते आणि घरी पेटी वाजवायचे. आमच्या मंडळाच्या गणपतीत चाळीस वर्षं साथीला तेच. पण त्यांची ख्याती वाजवण्यापेक्षा नावं ठेवण्यात जास्त होती. तबलजीला भर कार्यक्रमात डोळे वटारायचे. मी लहानपणापासून त्यांच्यापुढं बसून गायले, आणि त्यांच्या तोंडून दोनच शब्द ऐकले, "पुन्हा म्हण." आई म्हणायची, "अहो, पोरीला कधीतरी बरं म्हणा." बाबा म्हणायचे, "बरं झालं की म्हणेन." आई गेली, मी पन्नाशीला टेकले, ते काही बरं झालं नाही.

आणि मग तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत मी एक अभंग म्हटला. बाबा पहिल्या रांगेत. पेटी त्यांनी त्या वर्षीच सोडली होती, वरच्या सप्तकातले सूर फिके पडलेत म्हणून ती फडताळात गेली होती. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "छान गायलीस."

मी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. आनंदानं. पुढं दोन वर्षं मन खट्टू झालं की मी तेवढे दोन शब्द काढून बघायची. बाबा तेव्हापासून सगळ्यांशीच गोड झाले होते. तबलजी छान, भाजी छान, पावसानं गळणारं छतही छान. आमचे प्रेम नगरातले शेजारी म्हणायचे, "बाबूजी तो एकदम बदल गए." मीही म्हणायची, वय झालं की माणूस निवळतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दिवसभर ज्या बाईला "छान" म्हणजे बहिरेपण हे कळत होतं, तिला घरात ते कळलं नाही.

मागच्या वर्षी थंडी सुरू होताना मी डबा घरी विसरले आणि बाबा तो घेऊन जिना चढून आले. खुर्चीत एक बुंदेली आजी बसल्या होत्या, नवी मशीन घातलेल्या. चौथं गाणं नुकतंच लागलं होतं. चौथ्या गाण्यात सुरुवातीला बराच वेळ नुसती गिटार आहे, बाई उशिरा येते. बाबा खिडकीजवळ टेकले. मी गमतीनं विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

"छान," बाबा म्हणाले. "बाईचा गळा गोड आहे."

आजी हसल्या. "कौन बाई? अबै तो बाई आई नइयाँ. अबै तो तुनतुन हो रई."

त्या हसल्या म्हणून बाबाही हसले. काय झालं हे त्यांना कळलं नव्हतं, समोरचे हसतायत म्हणून ते हसले होते. तेव्हाच मला सगळं एकदम दिसलं. पेटी का सोडली, छत का छान, आणि तो अभंग.

यापुढचं सांगायला मला लाज वाटते. दुसरी कोणी मुलगी असती तर तिथल्या तिथं बापाला खुर्चीत बसवलं असतं. मी तीन आठवडे काही बोलले नाही. कामाचं निमित्त केलं, दिवाळीच्या गर्दीचं निमित्त केलं. खरं कारण एवढंच होतं की बाबांना ऐकू येत नाही हे कागदावर आलं, की माझं ते "छान गायलीस" खोटं ठरणार होतं. आयुष्यात एकदा मिळालेलं ते. मला ते सोडवत नव्हतं. बाबा टीव्हीसमोर बसून बातम्या देणाऱ्याच्या ओठांकडे बघत असायचे आणि मी स्वयंपाकघरातून ते पाहायची.

शेवटी मुलीनं फोनवर विचारलं, "आई, आजोबा आता माझ्याशी बोलतच नाहीत. नुसतं खुश रहो म्हणतात आणि तुझ्याकडे फोन देतात. मी काही चुकले का?" मग मला माझीच शरम वाटली.

बाबा अर्थातच तयार होईनात. "मला सगळं ऐकू येतं. तू फालतू परेशान नको होऊस." सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, पण सोनार घरचीच पोरगी असली की तिचं कोण ऐकणार! मग मी पेटी फडताळातून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. जवळ बसून, तोंडाकडे बघायला लावून म्हटलं, "बाबा, मी ही दुरुस्तीवाल्याला दाखवली. एकही सूर गेलेला नाही. वरचे सूर फिके पडलेत असं तुम्हीच म्हणालात. पेटी ठीक आहे, मग फिकं काय पडलंय?"

बाबांनी वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग कान पेटीला लावून दाबली. बाबा इतर कशाबद्दलही खोटं बोलले असते, सुराबद्दल बोलू शकत नव्हते. उठले आणि चपला घालायला लागले.

तपासणीत त्यांचे वरचे आवाज जवळजवळ सगळेच गेलेले निघाले. मशीन आठवड्यानं आली. बसवताना सेल घातलेत ना, हे मी दोनदा बघितलं. अल्बम लावला. पहिलं गाणं अर्धं झालं. मी वही उघडून बसले होते, आणि मनात एकच, "छान" म्हणू नका, बाबा, काहीही म्हणा पण "छान" म्हणू नका.

"तो पंखा बंद कर आधी," बाबा म्हणाले. "किती बकवास आवाज करतो!"

मी पंखा बंद केला.

"आणि ही बाई प्रत्येक ओळीआधी एवढा श्वास का ओढते? पोटातून घ्यायला कोणी शिकवलं नाही वाटतं. गिटारवाल्याचं बोट तारेवर घासतंय. आणि शब्द गिळते. भाषा कुठलीही असो, शब्द गिळायचे नसतात."

मी सगळं लिहून घेत होते आणि अक्षरं ओली होत होती. "सूर मात्र सच्चा आहे तिचा," ते पुढं म्हणाले. "ओरडत नाही हेही बरं आहे. पण गाते कुणासाठी, ते कळत नाही."

नऊच्या नऊ गाणी त्यांनी ऐकली आणि नऊच्या नऊंना नावं ठेवली. खालून चष्मेवाला चहा घेऊन वर आला, तर त्याच्या चपला फटफट वाजतात म्हणून त्यालाही ऐकवलं. घरी जाताना ते चौराह्यावर थांबले, हॉर्न ऐकत उभे राहिले आणि "ये शहर इतना चिल्लाता कब से है?" असं एका अनोळखी माणसाला विचारलं. त्या संध्याकाळी नातीला स्वतः फोन लावून तिची फ्रेंच बाई कशी चुकते ते पाऊण तास सांगितलं. पलीकडून हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी पेटीवरचं फडकं काढलं. "तो गणपतीतला अभंग म्हण."

"राहू दे बाबा, आज नको."

"का नको?"

मग मी बोलून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही छान म्हणालात. तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे आता मला कळलंय. आज ऐकाल आणि ते जाईल."

बाबांनी भात्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "ऐकू येत नव्हतं हे खरंय. मी लोकांकडे बघत होतो. एकही माणूस मोबाइल काढत नव्हता. मंडळाचा खजिनदार कधी पाच मिनिटं गप्प बसत नाही, तोही गप्प होता. तबलजी तुझ्याकडे बघून वाजवत होता. म्हटलं, एवढी माणसं ऐकतायत म्हणजे चांगलंच गात असणार पोरगी. वाईट एवढंच वाटलं की सगळ्यांनी ऐकलं, मीच राहिलो." त्यांनी सूर धरला. "म्हण आता."

मी म्हटलं. पहिल्या ओळीलाच थांबवलं. "श्वास मोडला. पुन्हा म्हण." दुसऱ्या ओळीत, "फ्रेंच बाईसारखे शब्द खाऊ नकोस. पुन्हा." तिसऱ्या वेळेला सूर वर सरकला म्हणून. मला हसू आवरेना, गाणार कशी? पण गायले. चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आख्खं कडवं गेलं, तरी बाबा काही बोलेनात. डोळे मिटलेले, भाता चालू. मला वाटलं सेल संपले. मी गाणं थांबवून विचारलं, "बाबा, ऐकू येतंय ना?"

"येतंय म्हणून तर गप्प आहे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "पुढचं म्हण."