फ्लेमिंगो आले, आवाज गेला

मंडळी, एक गंभीर तक्रार. आज मुलुंडला आमच्या मराठी लिनक्सच्या, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या संगणक-प्रणालीच्या, पुढच्या आवृत्तीची बैठक झाली आणि अर्धी दुपार वॉलपेपरच्या शास्त्रार्थात गेली. आरेची झाडं की खाडीतले फ्लेमिंगो? फ्लेमिंगो जिंकले.

मग पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा विषय निघाला. तो सांभाळणारा स्वयंसेवक सोडून गेलाय. आमचा नियम साफ आहे: सांभाळणारा नाही, तर वगळा.

"तू घेतोस का रे?" बैठक चालवणाऱ्या नेहाने मला विचारलं.

"मला संस्कृत येतं गं, कोडिंग नाही."

"मग गप्प बस ना!"

आवाज वगळला.

विक्रोळीचे अंध सावंत सर ओळखीचे आहेत, त्यांना फोन करून अपडेट थांबवायला सांगेन. पण जे आम्हाला ठाऊकच नाहीत, त्यांचा संगणक एका सकाळी मुका होईल आणि त्यांना वाटेल, आपलंच काहीतरी चुकलं. मला भीती त्याची वाटते.