पायरी सर

उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब, तर पाचपैकी एक मार्क. उत्तर चूक पण पायऱ्या बरोबर, तर चार. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा हा कायदा होता आणि तो त्यांनी कोणासाठीही वाकवला नाही. मुख्याध्यापक म्हणायचे, “सर, बोर्डात असं चालत नाही.” सर चष्मा पुसत म्हणायचे, “बोर्ड त्याचं पाहून घेईल. पोरगं उत्तरापावतर कसं आलं, थे मले दिसलं पायजे.” पोरांनी त्यांचं नाव पायरी सर ठेवलं. पुढे आम्ही शिक्षकही त्यांना तेच म्हणू लागलो. त्यांना ते माहीत होतं, राग नव्हता.

आमची शाळा बाळापूरच्या पुढे, विनाअनुदानित. म्हणजे मस्टरवर सही रोज करायची आणि पगार मात्र अनुदान मिळेल तेव्हा. मी मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा सरांची बिनपगाराची बारा वर्षं भरत आली होती. अकोल्याहून आम्ही एकाच एस.टी.नं जात असू. दर उन्हाळ्यात कोणीतरी बातमी आणायचं, यंदा आपली शाळा यादीत आहे. सर खिडकीबाहेर पाहत म्हणायचे, “मराठीवाले, आशा ठेवा, पण उपाशी ठेवू नोका तिले. काहीतं खाऊ घाला.”

ते स्वतःच्या आशेला काय खाऊ घालत होते, ते मला दोन वर्षांनी कळलं. एस.टी.त ते एक शंभर पानी वही काढून त्यात आकडे मांडायचे. मला वाटे, शिकवणीचा हिशेब असेल. एकदा विचारलंच. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “रविवारी घरी या. सांगून समजणार नाही.”

घर मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. रविवारी सकाळी ते समोरच्या बुद्धविहारात वस्तीतल्या पोरांना फुकट गणित शिकवत, ते आटोपून आले. वहिनी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. सरांनी कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर हिरवं टेबल उघडलं. इंटरनेटवरचा पोकर. प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, आणि पैसा खरा. मी दचकलो. जुगार, आणि तोही पायरी सर!

“घरातून एक रुपया टाकला नाही,” ते म्हणाले. “फुकटच्या स्पर्धेत पन्नास रुपये भेटले होते. त्याच्यावरच चालू आहे.” पन्नास रुपयांवर ते पन्नास पैसे-एक रुपयाच्या टेबलावर बसले होते, म्हणजे डाव सुरू होताना दोघांनी टाकायची सक्तीची बोली तेवढी. तिथून एक-दोनच्या, मग पाच-दहाच्या. टेबलावर बसायला जेवढे लागतात त्याच्या चाळीसपट जमल्याशिवाय वरच्या टेबलावर बसायचं नाही, आणि पुंजी घटून तीसपटीवर आली की त्याच दिवशी खाली उतरायचं. वहीत हेच सगळं होतं. कित्येकदा ते चढले होते आणि कित्येकदा उतरले होते. “चढणं कोणालेबी येते,” ते म्हणाले. “वर गेलो तवा कोणी हार घातला नोता. मंग खाली आलो तं कोणाले तोंड दाखवाची लाज?”

त्यांचा खेळ पाहणं हे कंटाळ्याचं काम होतं. दहापैकी आठ डावांत ते पत्ते पाहून फेकून देत. मागून वहिनी म्हणाल्या, “कापूस येचणारीचं ओटं सांजीपावतर भरते तरी. हे तं सकायपासून नुसते फेकूनच राहिले.” सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, “फेकतो म्हणूनच तं टिकून आहो.” तासाभरात त्यांनी तीनच डाव शेवटपर्यंत खेळले. दोन हरले, एक जिंकले. मग कॉम्प्युटर बंद करून वहीत एक ओळ लिहिली आणि आम्ही पोहे खाल्ले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याचं काहीच नव्हतं. रात्रभर शेताला पाणी देऊन आलेल्या माणसासारखे ते दमलेले दिसत होते.

त्यांना श्रीमंत व्हायचं नव्हतं. त्यांनी हिशेब करून ठेवला होता: पंचवीस-पन्नासच्या टेबलावर रोज शाळेनंतर तीन तास नीट बसलं, तर महिन्याकाठी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाइतकी कमाई होते. तेवढंच हवं होतं. “सरकार देत नाही तं आपला पगार आपण काढू,” असं ते म्हणत. तोवर पुंजीतला एक रुपया त्यांनी घरखर्चाला काढला नव्हता. वहिनींच्या मशीनवर घर चालत होतं. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते त्या टेबलावर पोचले. पहिल्या महिन्याचे पैसे काढून वहिनींच्या हातात दिले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “हे शाळेचे आहेत असं समजू काय?” सर म्हणाले, “समज.” मुलगी प्रज्ञा बारावीला होती. तिला अमरावतीला फार्मसीला घालायचं, होस्टेलवर ठेवायचं, असं ठरलं. ते सांगताना सर एस.टी.त पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

मला त्यांनी खेळ शिकवला होता, टेबलावर मात्र बसू दिलं नव्हतं. “वर्षभर पाहा,” म्हणाले होते. मी चार महिने पाहिलं. ते बोंडअळीचं वर्ष होतं. धामणगावकडे आमची सात एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. बोंडं वरून साबूत आणि फोडली की आत गुलाबी अळी. दरवर्षीच्या तिसऱ्या हिश्श्यानं कापूस झाला. त्याच्या विक्रीचे पैसे, म्हणजे चुकारा, बाबांनी माझ्या खात्यात टाकायला सांगितला, कारण त्यांच्या खात्यात पडला असता तर बँकेनं पीककर्जात वळता केला असता. तीस हजारांच्या वर काही. मला वाटलं, सर पन्नास रुपयांवर इथवर आले, तर माझ्याकडे सुरुवातीलाच एवढे आहेत. खालच्या पायऱ्या मला कशाला हव्यात?

मी नवं नाव घेऊन खातं उघडलं आणि थेट पंचवीस-पन्नासच्या टेबलावर गेलो. सरांचं तिथलं नाव मला माहीत होतं, कोरडवाहू. ज्या एस.टी.त ओळखीचं माणूस दिसतं तीतच आपण चढतो, तसा मी त्यांच्याच टेबलावर बसलो. त्यांना मात्र मी कोण हे ठाऊक नव्हतं.

दोन संध्याकाळी मी तग धरला. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत निम्मे गेले होते. मग माझ्या हातात दोन राजे आले. उरलेले सगळे पैसे टेबलावर होते. मी वाढवलं, बाकीच्यांनी पत्ते टाकले, एकटे कोरडवाहू राहिले. मधल्या पत्त्यांत सत्ता आला. मी सगळे पैसे लोटले. त्यांनी नेहमीइतकाच वेळ घेतला आणि तेवढेच पैसे लावले. त्यांच्याकडे दोन सत्ते होते. मधला धरून तीन झाले, दोन राजांवर भारी. माझ्या बाबांचा कापूस पडद्यावर सरकत त्यांच्या नावाखाली गेला. मी काय करतो आहे ते कळायच्या आत माझ्या बोटांनी गप्पांच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘काहून बे’, म्हणजे ‘का रे’. टेबलावर बाकीची माणसं दिल्ली-बंगलोरकडची असावीत. त्यांना ते कळलं नसावं. कोरडवाहू मात्र पुढच्याच डावात उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सर एस.टी.त माझ्या शेजारी बसले. वही काढली नाही. बाळापूर आलं. मग समोर पाहतच त्यांनी विचारलं, “काल टेबलावर तुमी होते काय?”

“मी? नाही बा. काहून?”

“काही नाही. आपल्या इकडचा कोणी होता. बोली आपली होती.” मग म्हणाले, “काही अडलं असन तं सांगजा. लाजू नोका.”

मी म्हणालो, “नाही सर, काही नाही.” पुढे दोन वर्षं शिकवण्या करून, पतसंस्थेत हप्त्यांनी साठवून मी ते पैसे उभे केले. बाबांना सांगितलं की चुकारा अडकला आहे. त्यांनी विश्वास ठेवला. कापूस घेणारे जिनवाले चुकारा अडकवतात, हे त्यांना पटण्यासारखंच होतं.

महिन्याभरानं कळलं की सर तीन टेबलं खाली उतरले आहेत. पुंजी घटली नव्हती, उलट वाढली होती. मी विचारलं, “असं कसं सर?” म्हणाले, “वर हवा पातळ आहे. दम लागते.” एक-दोन रुपयांत बसून पगार निघत नाही. जमलेल्या पुंजीलाही ते हात लावेनात. प्रज्ञा अमरावतीला गेली नाही. अकोल्यातच बी.एस्सी.ला लागली, नंतर एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर उभी राहू लागली. मला कारण अंधुक कळत होतं. एका वाक्यात ते सगळं मोकळं झालं असतं, हेही कळत होतं. रोज त्याच एस.टी.त, त्याच बाकावर बसून मी ते वाक्य गिळत राहिलो. वर्ष-दीड वर्षानं त्यांनी खेळ सोडून दिला आणि चार घरच्या शिकवण्या धरल्या.

पुढे शाळेला वीस टक्के अनुदान मिळालं. सरांना पहिला पगार मिळाला तेव्हा त्यांची निवृत्ती चार वर्षांवर आली होती. मला अमरावतीच्या एका कॉलेजात काम मिळालं आणि एस.टी. सुटली.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी गेलो. नारळ, शाल, दोन भाषणं. कार्यक्रम लवकरच उरकला. आम्ही दोघं फाट्यापर्यंत चालत आलो. ऊन फार होतं. सर थांबून थांबून चालत होते. शाल त्यांनी घडी करून काखेत धरली होती. निंबाखाली टेकलो तेव्हा मी म्हणालो, “सर, त्या दिवशी टेबलावर मीच होतो. दोन राजे माझेच.”

 रस्त्यानं कापसाची एक गाडी गेली, सरांनी तिची धूळ खाली बसू दिली.

“वाटलंच होतं,” ते म्हणाले. “वर्षभर वाट पाहिली मी तुमची.”

“चूक झाली सर. लाज वाटली.”

“तुमी त्या दिवशी हो म्हटलं असतं तं तुमचे पैसे तुमाले वापस केले असते अन् मी पुढं खेळलो असतो. बाकीच्यायचं मले काही घेणंदेणं नोतं. तुमी नाही म्हटलं. मंग टेबलावर जो बसे, थो मले तुमीच वाटाले लागला. पत्ते चांगले आले तरी फेकून द्यावं वाटे. याचा बाप कोण असन, याचा चुकारा किती असन... असा कुठं खेळ होते, मराठीवाले?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. मी प्रज्ञाचं नाव काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. एस.टी. येत होती. मागच्या गावांहून भरूनच आली होती. कंडक्टर म्हणाला, एकच जण येईल.

“तुमी जा,” सर म्हणाले. “तुमाले पुढं अमरावतीची गाडी धराची आहे. मले आता कुठं घाई आहे?”

मी गेलो.